पावागडच्या साक्षीनं लग्नाचा फोटो

तुळशीचं लग्न लागलं की आपल्या भागातल्या घरांत पत्रिकांची चळत वाढू लागते. एका बाजूला मराठी, मागच्या बाजूला कन्नड, अशी पत्रिका आपल्याला नवी नाही. नवं आहे ते खर्चाच्या यादीतलं एक कलम. मंडप, आचारी, बँड, आहेराच्या साड्या यांच्याखाली हल्ली ‘आउटडोअर फोटो’ असं लिहिलेलं असतं, आणि घरात सगळ्यांत जास्त वादावादी नेमकी याच ओळीवर होते. मुलांना डोंगर हवा असतो, तळं हवं असतं, जुने दगडी खांब हवे असतात. मोठ्यांना प्रश्न पडतो की हे सगळं कशासाठी, आणि तेही लग्नाआधी?

आमच्या घरात हा वाद २०२४ च्या दिवाळीत झाला. माझ्या नणंदेची मुलगी बडोद्याच्या मराठी घरात दिली. बेळगाव कुठं नि बडोदा कुठं, असं कुणी म्हणेल. पण नकाशा काढून पाहा. आपल्या दारावरून जाणारा ४८ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग निपाणी, कोल्हापूर, पुणे, मुंबई करत थेट बडोद्यातून पुढं जातो. सोयरिकीची वाट तर त्याहून जुनी आहे. कागलच्या घाटग्यांच्या घरातून कोल्हापूरच्या गादीवर आलेल्या शाहू महाराजांचं लग्न १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकरांच्या लेकीशी झालं. त्याच्याही आधी, १८८० मध्ये, सयाजीराव गायकवाडांची राणी तंजावरच्या मराठा घराण्यातून बडोद्यात आली. दोन भाषा बोलणारी सून बडोद्याला काही नवी नाही!

मुलाकडच्यांची इच्छा होती की लग्नाआधी दोघांचे फोटो पावागडच्या परिसरात काढावेत. आमच्या दाजींना, म्हणजे मुलीच्या वडिलांना, ते पटेना. “अक्षता पडायच्या आधी दोघांनी डोंगरात हिंडायचं, आणि ते फोटो मंडपात मोठ्या पडद्यावर लावायचे? आमच्याकडे चालायचं नाही,” असं त्यांनी सांगून टाकलं. भाची रुसली. विहीणबाई फोनवर गप्प झाल्या. अशा वेळी मामीनं मध्ये पडायचं असतं, म्हणून मी पडले.

आधी माणसं, मग जागा

वाद मिटवला तो आमच्या सासूबाईंनी. सगळं घर त्यांना अज्जी म्हणतं. माहेर सौंदत्तीकडचं, बोलणं अजून निम्मं कन्नड. त्या दिवसभर ऐकत होत्या. रात्री जेवताना एवढंच म्हणाल्या, “नम्म मदुवीदु फोटोने इल्ल.” आमच्या लग्नाचा फोटोच नाही! साठ-पासष्ट वर्षांपूर्वी खेड्यात लागलेलं लग्न. फोटोवाला बोलावण्याची ऐपत नव्हती आणि कुणाला सुचलंही नाही. अज्जी तक्रार करत नव्हत्या, नुसतं सांगत होत्या. पण त्या वाक्यानं पानावरची सगळी माणसं गप्प झाली.

मग अज्जींनीच विचारलं, त्या डोंगरावर कुठली देवी आहे? पावागडच्या माथ्यावर कालिकामातेचं मंदिर आहे असं कळल्यावर त्यांचा निकाल तयार होता. लग्नानंतर जोडीनं देवीला जायचंच असतं. आपण यल्लम्माला जातो, ती मंडळी कालिकेला जातात. त्याच दिवशी फोटो काढा, आणि सगळे मिळून जाऊ. दाजींचा आक्षेप तिथंच संपला आणि मुलांना त्यांचा डोंगर मिळाला.

त्या रात्री मी एक गोष्ट पक्की धरली. फोटोची आखणी जागेपासून सुरू करायची नाही, माणसांपासून करायची. त्या फोटोत कोण असलंच पाहिजे, ते आधी लिहून काढायचं. यादीतल्या सर्वांत थकलेल्या माणसाला जिथवर जाता येईल, तिथं घरच्यांचा फोटो. त्यापुढची चढण तरुणांनी चढावी. आमच्या यादीत पहिली दोन नावं अज्जी आणि अज्जांची होती. अज्जींचे गुडघे दुखतात आणि अज्जांना थंडी सोसत नाही. बाकीचा सारा कार्यक्रम या दोन गोष्टींभोवती बसवला.

एक परिसर, तीन स्वभाव

पावागड बडोद्यापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर, पंचमहाल जिल्ह्यात आहे. उंची साधारण ८०० मीटर. सह्याद्री पाहिलेल्या आपल्या डोळ्यांना ती फार वाटणार नाही, पण सपाट मुलखातून तो एकदम वर उठतो म्हणून लांबूनच नजर धरून ठेवतो. पायथ्याशी चांपानेर हे जुनं शहर आहे. महमूद बेगड्यानं १४८४ मध्ये गड जिंकला आणि इथं आपली राजधानी वसवली. १५३५ मध्ये हुमायूननं ती लुटली आणि हळूहळू शहर ओस पडलं. अठराव्या शतकात हा गड मराठ्यांकडे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे आला. चांपानेर-पावागड पुरातत्त्व उद्यानाला २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळालं. गुजरातमधली ही अशी पहिली जागा.

फोटोंच्या दृष्टीनं इथं तीन वेगवेगळ्या जागा आहेत आणि तिघींचे स्वभाव वेगळे आहेत.

पहिली म्हणजे खालचं चांपानेर. जामी मशिदीचे सुमारे तीस मीटर उंचीचे दोन मिनार, आतले १७२ खांब, केवडा मशीद, नगीना मशीद आणि पूर्वेकडचं वडा तलाव. इथं गाडी जवळपर्यंत जाते, चढण कमी, म्हणून म्हाताऱ्या माणसांना सोयीचं.

दुसरी म्हणजे गडाचा माथा. पायथ्यापासून माचीपर्यंत एसटी जाते, माचीहून रोपवे आहे. रोपवेतून उतरल्यावरही पायऱ्या चढाव्या लागतातच, आणि वारा जोरात असला तर रोपवे थांबतो. चैत्र आणि आश्विनातल्या नवरात्रांत, पौर्णिमेला आणि रविवारी भाविकांची अलोट गर्दी होते. त्या दिवशी कॅमेरा घेऊन जाणं म्हणजे देवीला आलेल्या माणसांच्या वाटेत उभं राहणं. आम्ही मुद्दाम मधला वार धरला.

तिसरी म्हणजे जांबुघोडा अभयारण्य. बडोद्यापासून साधारण सत्तर किलोमीटर, १९९० साली घोषित झालेलं, सुमारे १३० चौरस किलोमीटरचं सागवान, बांबू आणि मोहाचं रान. बिबट्या आणि अस्वलाचं घर. फाल्गुनाच्या सुमारास इथं पळस पेटतो. आपल्या अज्जी त्याला मुत्तुग म्हणतात, तिकडे त्याला केसूडो म्हणतात, पण रंग तोच. मात्र डिसेंबरात पळस नसतो आणि पळसाच्या दिवसांत पानगळ झालेली असते, हे फोटो पाहून जागा ठरवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. फोटोत दिसलेलं रान आपल्या मुहूर्ताला तसंच असेल असं नाही. पावागडही सगळ्यांत देखणा दिसतो तो श्रावण-भाद्रपदात, आणि तेव्हा मुहूर्त नसतात.

आम्ही जांबुघोडा सोडून दिलं. एका दिवसात तिन्ही जागा करायच्या म्हणजे अज्जा-अज्जींनी दिवसभर गाडीत बसायचं.

उजेडाचं पंचांग

मुहूर्त जसा पंचांगात पाहतो, तसा फोटोसाठी उजेड पाहावा लागतो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बडोद्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या आत मावळतो. बेळगावच्या मानानं दिवस लहान. सकाळी साडेसात ते नऊ आणि दुपारी चार ते साडेपाच, एवढाच वेळ चेहऱ्याला मानवणारा कोवळा उजेड मिळतो. भर दुपारी डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि नवरी थकलेली दिसते, मग मेकअप कितीही भारी असो.

दिशाही पाहायची. गड चांपानेरच्या नैर्ऋत्येला आहे. हिवाळ्यात सूर्यही नैर्ऋत्येकडे कलून मावळतो. म्हणजे संध्याकाळी गडाकडे तोंड करून कॅमेरा धरला तर ऊन कॅमेऱ्यात आणि चेहरे काळे. शिवाय डोंगराच्या अंगाची सावली लवकर पसरते, म्हणून पंचांगातला सूर्यास्त धरून बसू नये. सकाळी नेमकं उलटं होतं. वडा तलावाच्या काठावर उभं राहिलं की ऊन आपल्या पाठीमागून येतं, समोरचा गड उजळतो आणि वारा नसेल तर पाण्यात दुसरा गड दिसतो. घरच्यांचा फोटो सकाळी आणि तलावावर, हे असं ठरलं.

दुपार वाया जाते असंही नाही. जुन्या वास्तूंच्या आतल्या खांबांमध्ये दुपारी बाहेरचं ऊन दगडावर आपटून मऊ होऊन येतं. एकट्या नवरा-नवरीचे फोटो तिथं छान होतात.

आदल्या दिवशी आम्ही पाहुण्यांना बडोदा दाखवायला निघालो तेव्हा फोटोग्राफरलाही सोबत घेतलं आणि महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात गेलो. सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्म्याकडून नव्या लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी चौदा पौराणिक चित्रं काढून घेतली होती. राजवाडा १८९० मध्ये पुरा झाला. संग्रहालयातली रविवर्म्याची चित्रं आम्ही निवांत पाहिली. नऊवारीचा काठ कसा पडतो, चेहऱ्यावर एका बाजूनं उजेड कसा येतो, दागिना चमकतो पण चेहऱ्यावर मात करत नाही, हे तो मुलगा बराच वेळ न्याहाळत होता. “मामी, यात कुणीच कॅमेऱ्याकडे बघून हसत नाही,” असं तो म्हणाला. मला वाटतं, दहा पानी सूचनांपेक्षा तेवढं एक वाक्य पुरेसं होतं.

कागद आधी, कॅमेरा नंतर

चांपानेरच्या संरक्षित वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत. त्यांचं मंडळ कार्यालय बडोद्यातच आहे. हातात कॅमेरा धरून घरगुती फोटो काढणं वेगळं, आणि स्टँड, दिवे, परावर्तक पत्रे, कपडे बदलायचा तंबू असा संसार मांडून व्यावसायिक चित्रण करणं वेगळं. दुसऱ्यासाठी लेखी परवानगी लागते. अर्ज महिना-दीड महिना आधी करावा, शुल्क आणि वेळा कार्यालयातच विचारून घ्याव्यात. ‘आमचा ओळखीचा आहे, बघून घेऊ’ या भरवशावर चाळीस माणसं घेऊन दारात उभं राहू नये. आम्ही स्टँड आणि दिवे दोन्ही टाळले. सकाळच्या उन्हाला दिवा लागतो कशाला?

अभयारण्यात नियम आणखी कडक. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २८ व्या कलमात फोटोग्राफीसाठी परवाना देण्याची तरतूद आहे. २०२२ च्या दुरुस्तीनं त्यात स्पष्ट केलं की अधिवासात काही बदल न करता आणि प्राण्यांना बाधा न पोचवता हे काम व्हायला हवं. म्हणजे फांदी तोडून चौकट मोकळी करणं, गाणी लावणं, रंगीत धुराच्या नळकांड्या पेटवणं हे त्यात बसत नाही. वाळलेल्या पानांच्या रानात धुराची एक नळकांडी काय करू शकते, ते शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला सांगायला नको. ड्रोनसाठीही वेगळी परवानगी लागते. फोटोग्राफरच्या बॅगेत तो आहे म्हणून उडवता येतो असं नाही.

कागदावर न लिहिलेले नियमही आहेत. मशीद असो की मंदिर, ती प्रार्थनेसाठी बांधलेली जागा आहे. चपला काढाव्यात, मिहराबीसमोर किंवा गाभाऱ्यासमोर सिनेमासारखे पवित्रे घेऊ नयेत. नक्षीवर टेकू नये, कठड्यावर चढू नये. आपल्या आजोळच्या देवळात परक्यानं काय केलेलं चालणार नाही, तेवढं आठवलं तरी पुरे.

साडी, चपला आणि डबा

नवरीनं काय नेसावं यावर दोन्ही घरांत दोन मतं होती. चांपानेरचा दगड पिवळसर तपकिरी. त्याच्यापुढे फिकट, चंदेरी कपडे हरवून जातात; हिरवा, मोरपंखी, कुंकवाचा लाल असे रंग उठून दिसतात. भाचीनं सकाळी अज्जींनी दिलेली इरकली नेसली, टोप-तेनीच्या पदराची, आणि गुळेदगुड्डच्या खणाची चोळी घातली. दुपारी सासरची पैठणी. विहीणबाईंनी तो खण हातात घेऊन किती वेळ पाहिला! त्यांच्या पिढीनं तो फक्त ऐकला होता. इरकलीचा आणखी एक फायदा असा की ती घसरत नाही, सावरायला माणूस लागत नाही आणि पायऱ्यांवर पायात येत नाही.

बाकीचं साधंच. चालायला सपाट चपला, फोटोपुरत्या दुसऱ्या. सुया, दोरा, पिना, टिकल्या. मोठ्यांसाठी शाली आणि दोन घडीच्या खुर्च्या. पाण्याची पिंपं भरून न्यायची आणि कचरा गोणीत भरून परत आणायचा. अक्षता नि फुलांच्या पाकळ्या उधळायच्या असतील तर मंडपात उधळाव्यात, तलावाच्या काठी नव्हे. माकडांसमोर डबा उघडू नये. आणि बडोद्यातच नदीकाठी फोटो काढायचा मोह झाला तर लक्षात ठेवा, शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्रीत मगरी आहेत. ती नदी पावागडातच उगम पावते. ऑगस्ट २०२४ च्या पुरात मगरी थेट रस्त्यांवर आल्या होत्या. सयाजीबागेत झाडाखाली बसून फोटो काढा, पाण्याच्या कडेला नको.

तो दिवस

लग्नाच्या तिसऱ्या दिवशी पहाटे सहाला मिनीबस निघाली. अज्जांनी स्वेटर, मफलर आणि वर माकडटोपी असा बंदोबस्त केला होता. वडा तलावावर पोचलो तेव्हा पाण्यावर धुकं होतं. वीस मिनिटं थांबलो. तेवढ्यात विहीणबाईंनी शेव-उसळीचा डबा उघडला, फोटोग्राफर घड्याळ पाहू लागला, आणि अज्जींनी त्याला दटावलं, “मोदलु ऊटा, आमेले फोटो!” बडोद्याच्या त्या मुलाला कन्नडचं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्यानं मुकाट्यानं द्रोण घेतला.

धुकं निवळलं आणि समोर गड उजळला. मधोमध खुर्च्यांवर अज्जा-अज्जी, मागं नवरा-नवरी, दोन्हीकडचे आईवडील, काका, आत्या, पोरंटोरं. अज्जींनी आधी माथ्यावरच्या कळसाच्या दिशेनं हात जोडले. वर जाणं होणार नव्हतं, तेव्हा त्यांचं दर्शन तिथूनच. फोटो झाला.

मग भाची पुढं आली आणि म्हणाली, “आता सगळे बाजूला व्हा. अज्जा-अज्जी दोघंच.” हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. तिच्याकडे दोन मुंडावळ्या होत्या. अज्जी लाजल्या, रागावल्या, शेवटी बसल्या. मुंडावळी बांधायची तर अज्जांची माकडटोपी काढायला हवी होती आणि ते काही ऐकेनात. थंडी वाजते म्हणाले. अज्जी म्हणाल्या, “इरली बिडु.” राहू दे गं. मग टोपीवरूनच मुंडावळी बांधली. दाजी लांब उभे होते. ते चष्मा पुसत पुढं आले आणि अज्जांचा मफलर त्यांनी नीट केला. लग्नाच्या तीन दिवसांत सगळ्यांत जास्त वेळा पाहिला गेलेला फोटो तोच.

नंतर तरुण मंडळी रोपवेनं वर दर्शनाला गेली. आम्ही खाली झाडाखाली पत्ते खेळलो. दुपारी जामी मशिदीच्या खांबांत दोघांचे फोटो झाले आणि साडेचारला परतीला लागलो.

आपल्या डोंगरांत

हे सगळं करायला बडोद्यालाच जावं लागतं असं नाही. आपल्या उशाला राजहंसगड आहे, पन्हाळा आहे, आंबोलीचा घाट आहे. खानापूरचं भीमगड अभयारण्य २०११ मध्ये घोषित झालं, राधानगरीचं त्याच्या कितीतरी आधीचं. चांदोली तर २००४ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. तिथं अभयारण्याहूनही कडक बंधनं असतात, हे नुसतं गुगलवर फोटो पाहून कळत नाही. चांदोली आणि राधानगरी २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशातही आहेत. वनखात्याच्या कार्यालयात आधी विचारा; नाही म्हणाले तर रानाच्या बाहेर, गावच्या तळ्याच्या काठीही उजेड तोच असतो.

यंदा तुमच्या घरात कार्य असेल तर मुलांच्या हौसेला नाही म्हणू नका, आणि मुलांनो, तुम्ही घरच्या मोठ्यांना फोटोतून वगळू नका. तारीख ठरली की कागद घेऊन नावं लिहा. ज्यांच्या लग्नाचा फोटो घरात नाही, अशी माणसं आधी. नोव्हेंबर-डिसेंबरचा मुहूर्त असेल तर धनुर्मास लागायच्या आत हे उरकून घ्या, शाल विसरू नका, आणि फोटोग्राफरला सकाळचा वेळ सांगा.